शालिनीताई आल्या की स्क्रीन जाते

“मग दोष त्यांचाच ना, चाचा?”

श्रेणिक मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. दस्तगीरचाचा एका उघड्या मिक्सरच्या पोटात डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचा?”

“शालिनीताईंचा. मघापासून तेच सांगतोय की.”

“मघापासून तू बाईंचं सांगतोयस. मला स्क्रीनचं सांग.”

श्रेणिकनं स्टूल पुढं ओढला. मीही पेपर खाली ठेवला.

मिरजेत मार्केटच्या मागच्या बोळात चाचांचं दुकान आहे. पूर्वी तिथं टीव्ही दुरुस्त व्हायचे, आता जे येईल ते होतं. माझा रेडिओ दिवाळीपासून त्यांच्या फळीवर पडून आहे. तो कधी होणार हे मी विचारत नाही, कारण तो झाला तर रोज तिथं जाऊन बसायला मला निमित्त उरणार नाही. त्या शनिवारी दुपारीही मी असाच बसलो होतो.

श्रेणिकला मी लहानपणापासून ओळखतो. शाळेत असताना दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या तो चाचांच्या हाताखाली सोल्डरिंग शिकायला यायचा. पुढं इंजिनियर झाला. आता तालुक्यातले बिघडलेले कॉम्प्युटर त्याच्याकडे जातात आणि बहुतेक बरे होऊन परत येतात. पोरगा हुशार, यात वाद नाही. ती हुशारी जरा डोक्यात गेलीय, यातही वाद नाही.

आज तो दुरुस्तीसाठी आलाच नव्हता. निकाल त्यानं आधीच लावला होता, त्यावर चाचांची सही तेवढी हवी होती.

प्रकरण खेळाचं होतं. मला त्यातलं कळत नाही, पण त्यानं समजावलं ते असं. दूरदूरच्या गावची माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून एकाच खेळात शिरतात. प्रत्येकानं एक सोंग घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वैद्य. नऊ जणांची एक टोळी, आणि श्रेणिक या टोळीचा नायक. दर शनिवारी चार वाजता सगळ्यांनी मिळून एका आग ओकणाऱ्या जनावराला मारायचं. दोन महिने झाले, जनावर काही मरत नव्हतं.

त्यात गेल्या तीन आठवड्यांपासून हे नवीनच दुखणं. ऐन लढाईत त्याची स्क्रीन काळी होऊन परत यायची, आणि आली की खेळ अडखळायचा. चित्र जागच्या जागी थिजायचं, मग एकदम चार पावलं पुढं उडी मारायचं. तेवढ्या वेळात टोळीतलं कुणीतरी मेलेलं असायचं.

श्रेणिकनं सगळं करून बघितलं होतं. ग्राफिक्स कार्ड बदललं, मेमरी बदलली, वायर बदलली. मित्राचा मॉनिटर आणून लावला. खेळ पुसून पुन्हा भरला. घोडं कुठं पेंड खातंय ते मात्र सापडेना.

मग त्यानं वही घातली. स्क्रीन गेली की तारीख, वेळ, आणि त्या क्षणी कोण काय करत होतं ते लिहायचं. बावीस नोंदी झाल्या. त्यांतल्या एकोणीस नोंदींत एकच गोष्ट होती. त्या क्षणी जखमीला उठवायची पाळी शालिनीताईंची होती.

शालिनीताई सामंत टोळीच्या वैद्य. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, वय त्रेसष्ट. मुलगा बोटीवर नोकरीला गेला तेव्हा त्याच्याशी रोज भेट व्हावी म्हणून त्यांनी हा खेळ शिकून घेतला. मुलानं वर्षभरात खेळ सोडला, ताईंनी सोडला नाही. चार वर्षं त्या या टोळीतल्या जखमी माणसांना उठवून उभं करत होत्या.

“त्यांचा हात संथ आहे,” श्रेणिक म्हणाला. “नेट पण तसलंच. त्या मंत्र टाकायला गेल्या की सगळा खेळ मागं ओढला जातो आणि माझी स्क्रीन जाते. वहीत आहे सगळं.”

मी आपलं म्हटलं, अरे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल.

चाचा तेव्हा पहिल्यांदा वर बघून बोलले. “एकदा मोडली तर तसं म्हणू साहेब. एकोणीसदा मोडल्यावर कावळ्याची चौकशी करायला नको?”

श्रेणिकला वाटलं, चाचा आपल्या बाजूनं बोलले. त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं उरलेलंही सांगून टाकलं. सकाळीच त्यानं टोळीच्या सगळ्यांना लिहून कळवलं होतं, की आज चार वाजता ताईंना शेवटची संधी. आजही स्क्रीन गेली तर पुढच्या शनिवारपासून त्या टोळीत नसतील.

चाचांनी विचारलं, त्यावर बाई काय म्हणाल्या?

“बरं, म्हणाल्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

चाचा पुन्हा मिक्सरकडे वळले.

मग श्रेणिकनंच, कुणी विचारलेलं नसताना, एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईला डेंग्यू झाला होता. दवाखान्यातून मिळणाऱ्या रिपोर्टमधला कुठला आकडा म्हणजे काय, कधी घाबरायचं आणि कधी नाही, हे आठ दिवस ताईंनी त्याला समजावून सांगितलं. जेवलास का, हे त्या रोज विचारायच्या. एवढं सांगून त्यानं घाईघाईनं विषय पुन्हा ग्राफिक्स कार्डावर नेला.

मला त्याचा राग आला तो इथं. उपकाराची आठवण आहे, आणि तरीही हा बाईला बाहेर काढायला निघालाय. असल्या हिशेबी बुद्धीला काय म्हणावं.

चाचांना राग आलेला दिसला नाही. त्यांना कुतूहल वाटत होतं. एखादं विचित्र दुखणं समोर आलं की त्यांचे डोळे बारीक होतात आणि ते खालचा ओठ चावतात. आता ते तसंच करत होते.

“बुधवारी तू सगळा संच इथं आणला होतास,” ते म्हणाले. “दोन दिवस इथं चालवलास. एकदा तरी स्क्रीन गेली?”

“नाही. पण तेव्हा ताई खेळात नव्हत्या. म्हणूनच म्हणतो ना…”

“इथं सगळं आणलं होतंस?”

“सगळं. कॉम्प्युटरचा डबा, मॉनिटर, वायरी, माऊससुद्धा.”

“कशावर बसला होतास?”

श्रेणिक हसला. “तुमच्या या स्टुलावर. का?”

चाचांनी मिक्सरचं झाकण बसवलं, फडक्याला हात पुसले आणि उठून चपला शोधू लागले. गुडघ्यांमुळं गेली पाच-सहा वर्षं ते कुणाच्या घरी दुरुस्तीला जात नाहीत. मीही लगेच उठलो. हे सोडून घरी जाऊन झोपेन एवढा मी म्हातारा झालेलो नाही.

रिक्षानं आम्ही श्रेणिकच्या घरी गेलो तेव्हा साडेतीन झाले होते. त्याच्या आईनं पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. श्रेणिक आम्हाला त्याच्या खोलीत घेऊन गेला.

खोलीत टेबल, त्यावर मॉनिटर, खाली लाल-निळे दिवे लागलेला डबा, आणि टेबलासमोर एक दांडगी खुर्ची. काळी-लाल, दोन्ही बाजूंना पंख फुटलेली, पाठ माझ्या डोक्यापर्यंत येईल एवढी. नायक माणसाला शोभेल अशीच होती. मी तिच्यावर बसू लागलो, तर श्रेणिकनं मला अदबीनं पलंगावर बसवलं.

चाचा खोलीभर फिरले. पंखा बघितला, विजेचा बोर्ड बघितला, खिडकीबाहेर डोकावून शेजारच्या घराकडे बघितलं. मग विचारलं, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत नवं काय काय आणलंस?

श्रेणिक घडाघडा सांगायला लागला. कार्ड, मेमरी, वायर…

“ते दुखणं आल्यावर आणलेलं औषध झालं. दुखण्याच्या आधी काय आलं?”

“आधी? काहीच नाही.”

“बरं,” चाचा म्हणाले.

चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी कोपऱ्यातला एक बुटका स्टूल उचलला, टेबलाच्या कडेला ठेवला, आणि स्क्रीनकडे पाठ करून, श्रेणिककडे तोंड करून बसले.

श्रेणिकला वाटलं, त्यांना दिसत नसेल. “चाचा, स्क्रीन इकडं आहे.”

“असू दे.”

“मग तुम्हाला दिसणार कसं?”

“तू बघतोयस ना. पुरे झालं.”

श्रेणिकनं माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचं काय हे, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याला हे माहीत असायला हवं होतं खरं तर, पण तो दुकानात शिकायला आला तोवर जाड टीव्हींचे दिवस सरत आले होते. मला ते दिवस आठवतात. टीव्ही मागून उघडायचा, मेकॅनिक मागं बसून काम करणार, आणि चित्र उमटणार पुढं. बाकीचे मेकॅनिक समोर आरसा ठेवायचे आणि त्यात बघत बघत मागून स्क्रू फिरवायचे. चाचा आरसा ठेवत नसत. टीव्हीसमोर घरातली माणसं बसलेली असायची, ते त्यांच्या तोंडाकडे बघायचे. चित्र हललं की आजीच्या कपाळाला आठी पडायची, रंग उतरला की पोरं तोंड वाकडं करायची. आरसा टीव्हीचं सांगतो, पण माणसं टीव्हीचंही सांगतात आणि स्वतःचंही, असं ते म्हणायचे. आम्ही तेव्हा हसायचो.

चार वाजले. स्पीकरमधून एकेक आवाज यायला लागला. कुणी नांदेडचा, कुणी पुण्याचा, कुणाच्या मागं कुकरची शिट्टी वाजत होती. नेहमीची चेष्टा कुणी करत नव्हतं. सकाळचा निरोप सगळ्यांनी वाचलेला होता.

“आले रे मी,” एक बाईचा आवाज आला. मऊ होता, वॉर्डात झोपलेलं कुणी जागं होऊ नये म्हणून बोलतात तसा.

“हं,” श्रेणिक म्हणाला. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

लढाई सुरू झाली. डोंगराएवढं जनावर, तोंडातून आगीचे लोट. समोर एक ढालवाला सगळे घाव अंगावर घेत उभा. मागं हिरव्या कपड्यातली एक बाई, ती हात हलवायची आणि जखमी माणसावर हिरवा उजेड पडायचा. त्या शालिनीताई. श्रेणिक धनुष्य घेऊन एका उंच दगडावर उभा होता आणि तिथून सगळ्यांना हुकूम सोडत होता. खेळ मात्र तो सुरेख खेळतो, हे मला कबूल करायला हवं.

पाच-सहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग जनावरानं शेपटीचा एक तडाखा दिला आणि ढालवाला गुडघ्यावर आला. हिरवा उजेड यायला हवा होता… आला नाही.

“ताई! ढाल!”

आणि स्क्रीन काळी झाली.

मी डोळे मिटून उघडेपर्यंत ती परत आली. पण चित्र थिजलेलं होतं. मग त्यानं एक उडी मारली. ढालवाला आडवा पडलेला होता. पुढच्या मिनिटाभरात बाकीचेही आडवे झाले.

“बघितलंत?” श्रेणिकचा आवाज चढला होता. “बघितलंत चाचा? त्यांचीच पाळी होती.”

“बघितलं.”

“तुमची तर पाठ होती.”

“हो.”

श्रेणिक खुर्चीत मागं रेलला. मी तरी काय बघितलं होतं? मी स्क्रीनकडे बघत होतो, त्यामुळं मला फक्त स्क्रीन दिसली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं की पोरगा म्हणतो त्यात तथ्य आहे.

स्पीकरमधून ताई बोलल्या. “चुकलं रे माझं जरा. मी येते आता. तुम्ही चालू द्या.”

“थांबायला सांग बाईंना,” चाचा म्हणाले.

“कशाला चाचा? झालं की सिद्ध.”

“एकदा अजून खेळा. मग काय करायचं ते कर.”

गुरूचा शब्द तसा त्यानं अजून मोडलेला नव्हता. नाइलाजानं त्यानं टोळीला सांगितलं, अजून एकदा. ताईंनी पुन्हा “बरं” म्हटलं.

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले, खुर्चीच्या मागं गेले आणि त्यांनी आपला उजवा हात श्रेणिकच्या खांद्यावर ठेवला.

“हे काय?”

“खेळ तू.”

श्रेणिकनं जरा खांदा हलवून बघितला. हात तिथंच राहिला. त्याची आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, तीही बघत उभी राहिली.

पुन्हा तेच जनावर, तीच आग. सहा मिनिटं झाली. शेपटीचा तडाखा बसला, ढालवाला गुडघ्यावर आला, आणि हिरवा उजेड काही आला नाही.

“ताई…”

या वेळी मी स्क्रीनकडे बघत नव्हतो. चाचांच्या हातावरच्या शिरा एकदम ताठ झालेल्या मला दिसल्या. क्षणभरच, मग पुन्हा सैल पडल्या.

स्क्रीन गेली नाही.

हिरवा उजेड आला. उशिरा आला, पण आला. ढालवाला उठून उभा राहिला. श्रेणिकची बोटं चालू होती, तोंडानं मात्र तो काही बोलायचा बंद झाला होता. पुढं दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा चाचांच्या हाताच्या शिरा ताठल्या, दोन्ही वेळा ताई थोड्या उशिरा पोचल्या, आणि स्क्रीन एकदाही गेली नाही. दहाव्या-अकराव्या मिनिटाला ते डोंगराएवढं जनावर कलंडलं.

स्पीकरमधून एकच गलका झाला. नांदेडवाला तर रडतोय की हसतोय तेच कळेना. श्रेणिक हात मांडीवर ठेवून नुसता बसून होता. दोन महिने ज्याच्यासाठी घालवले ते झालं होतं, आणि त्याचं लक्ष तिकडं नव्हतं.

“चाचा… तुम्ही काय केलंत?”

“हात ठेवला.”

दारातच श्रेणिकच्या आईनं ट्रे खाली ठेवून हात जोडले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला होता. दर्ग्याच्या गावात राहिलेली माणसं आम्ही, असल्या गोष्टींवर आमचा पटकन विश्वास बसतो.

चाचांनी हात काढून घेतला. “आता उठ,” ते म्हणाले. “मघाशी उठला होतास तसा. तटकन.”

“मी कुठं उठलो होतो?”

“उठ तर.”

श्रेणिक ताडकन उभा राहिला.

स्क्रीन काळी झाली आणि परत आली.

“बस.”

तो धपकन बसला. स्क्रीन पुन्हा गेली, पुन्हा आली.

श्रेणिकनं स्वतःहून अजून एकदा उठून बघितलं. मग बसून बघितलं. मग अगदी हळू, चोरासारखा उठला, तेव्हा काही झालं नाही. चौथ्यांदा तो तटकन उठला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. लहानपणी चाचांच्या दुकानात उलटा सेल घालून टॉर्च लागत नाही म्हणायचा, तेव्हा त्याचं तोंड असंच व्हायचं.

मग चाचांनी समजावलं. ताईंना उशीर झाला की दर वेळी तो चिडून तटकन उठायचा, दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातानं तेवढं उठणं दाबून धरलं होतं. खुर्ची वर-खाली व्हायला तिच्या बुडाशी गॅस भरलेला लोखंडी दांडा असतो. थंडीच्या कोरड्या दिवसांत माणूस तसल्या गादीवर घासून घासून बसला की अंगात आणि खुर्चीत वीज साठते. एकदम उठलं की ती सुटते. ठिणगी डोळ्याला दिसत नाही, पण शेजारच्या मॉनिटरच्या वायरीला तिचा धक्का बसतो आणि चित्र तुटतं. ते चित्र पुन्हा जुळवायला कॉम्प्युटरला दम घ्यावा लागतो, म्हणून खेळ अडखळतो. पूर्वी शेजारच्या घरात मिक्सर लागला की आपल्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्यातलाच हा प्रकार. खुर्ची कधी आणली म्हणून त्यांनी विचारलं. श्रेणिक म्हणाला, महिना झाला. टोळीचा नायक झालो तेव्हा.

“एरवी उठताना कसं कळलं नाही?” मी विचारलं.

“एरवी उठताना माणूस दाराकडं बघतो साहेब. स्क्रीनकडं कोण बघतं?”

श्रेणिकनं टेबलावरची वही ओढली आणि पानं उलटू लागला. बावीस नोंदी. तारीख होती, वेळ होती, कोण काय करत होतं तेही होतं. टोळीतल्या प्रत्येकाचं नाव त्यात कधी ना कधी आलेलं होतं, त्याचं स्वतःचं सोडून. त्यानं वही मिटली.

“श्रेणिक,” स्पीकरमधून ताई म्हणाल्या. “आहेस का रे?”

तो दचकला. “आहे, ताई.”

“आज बरं वाटलं खेळायला. आज तुझ्याकडं धावत यावं लागलं नाही.”

“माझ्याकडं?”

“अरे, दर वेळी लढाईच्या भरात तू मध्येच गप्प उभा राहायचास. हात नाही, पाय नाही, जनावर तुला भाजून काढतंय आणि तू आपला उभा. मग ढालवाल्याला टाकून आधी तुला उठवायचे मी. तोवर तो बिचारा जायचा. काय करू, दोघांना एका वेळी कशी पोचणार मी?”

श्रेणिकनं डोकं खाली घातलं. मी पलंगावरून उठून खिडकीपाशी गेलो. बाईनं हे तीन आठवडे बोलून दाखवलं नव्हतं. चूक आपल्या नावावर लिहून घेतली होती आणि वर “बरं” म्हणाली होती.

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत, ताई?”

“तुला वेळ कुठं होता रे. तू ओरडत असायचास.” त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, “बरं, मी निघू ना आता? ठरल्याप्रमाणं?”

टोळीतले आठही जण ऐकत होते.

“नाही ताई. तुम्ही कुठं जायचं नाही,” तो म्हणाला. “सकाळचा निरोप मी मागं घेतो. तुमच्यात दोष नव्हता. दोष… खुर्चीत होता.”

“खुर्चीत?”

“हो. ती नवी खुर्ची. तिच्यामुळं स्क्रीन जात होती.”

“असं होय,” ताई म्हणाल्या. “मग शनिवारी येते. आईला नमस्कार सांग.”

आवाज गेला. एकेक करून बाकीचेही गेले.

श्रेणिकनं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला होता, आवाजातली जुनी ऐटही थोडी थोडी परतत होती. त्यानं खुर्चीची पाठ धरली आणि ती दाराकडे ढकलत नेऊ लागला. आई, ही उद्याच कुणालातरी देऊन टाक, म्हणाला. सगळं हिनंच केलं. हिच्या जागी आपली स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणतो, म्हणजे कटकट मिटली.

चाचा दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होते. खुर्ची त्यांच्यापाशी येऊन थांबली. त्यांनी तिच्या हातावर तळवा ठेवला आणि ती सावकाश पुन्हा आत सरकवली.

“असू दे,” ते म्हणाले. “तू उठलास हे तुला तोंडावर सांगणारं दुसरं कोण आहे?”